जमिनीवरून उठताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. कविसंमेलनांना जाणं हा माझा तीस वर्षांचा छंद. मोठ्या संमेलनात कवींना खुर्च्या मिळतात. तालुक्याच्या गावी, एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम असला की अजूनही गाद्या, पांढऱ्या चादरी आणि लोड अशी बैठक असते. मला ती आवडते. तर अशाच एका बैठकीत सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. मी उठायला गेलो आणि मला उठताच येईना. उजवा हात गादीवर टेकला, गुडघा वळवून पाहिला, डावा हात शेजारच्या कवीच्या खांद्यावर ठेवला, तरी बूड गादी सोडेना. शेवटी दोन तरुण कवींनी काखेत हात घालून मला उभं केलं. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या कवितेला नव्हत्या, कविता अजून सुरू व्हायची होती.

तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो. आजारी नव्हतो. बेगमपुऱ्यातून निघून मकबऱ्यावरून विद्यापीठाच्या रस्त्यानं रोज सकाळी अर्धा तास चालत होतो. झाडं, मोर, ओळखीपाळखीची माणसं, घरी परतल्यावर चहा. आपण व्यायाम करतो, आपलं बरं चाललं आहे, अशी माझी पक्की समजूत होती. मग जमिनीवरून उठता का आलं नाही?

हा प्रश्न मी एका फिजिओथेरपिस्ट मुलीला विचारला. माझ्या लेकीच्या वयाची. तिनं गुडघे वाकवून पाहिले, मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही चालता ते चांगलंच आहे. पण जमिनीवर शेवटचं कधी बसला होतात? त्या कविसंमेलनाच्या आधी?"

मी आठवू लागलो. घरी सोफा आहे. जेवायला टेबल आहे. संडास कमोडचा. लिहायला टेबल-खुर्ची. मशिदीतही, गुडघा दुखतो म्हणून, वर्षभरापासून मी मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढत होतो. म्हणजे कित्येक महिन्यांत मी जमिनीवर बसलोच नव्हतो. जे केलंच नाही ते येईल कसं?

आमच्या लहानपणीचं घर आठवून पाहा. सत्तरच्या दशकातलं, कुठल्याही मोहल्ल्यातलं, कुठल्याही आळीतलं. हिंदूंच्या घरी पाट, आमच्याकडे दस्तरख्वान, पण जेवायला सगळे खालीच. आई चुलीपुढे किंवा स्टोव्हपुढे बसलेली, मसाला पाट्यावर वाटलेला, धुणं मोरीत बसून, भाजी निवडणं बसून, अभ्यास बसून. पाहुणा आला की उठायचं, गेला की बसायचं. व्यायाम हा शब्द तालमीतल्या पोरांसाठी राखून ठेवलेला होता. पण घरातली आजी दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी जमिनीवर बसत होती आणि उठत होती. त्या बसण्या-उठण्यात तिच्या मांड्या, कंबर, घोटे आणि तोल यांची रोजची हजेरी लागत होती. आपण घरं बदलली, सोयी केल्या, आणि ही हजेरी बंद झाली. सोयींना माझा विरोध नाही. ज्याचे गुडघे खरंच गेले आहेत त्याला कमोडसारखं वरदान नाही. पण सोयीनं काय काढून घेतलं याची नोंद आपण ठेवली नाही.

आता शरीरात काय घडतं ते सांगतो. मी बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण ठेच लागल्यावर माणूस वाचायला लागतो, तसा मीही लागलो.

तिशी ओलांडली की दर दहा वर्षांनी आपले स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. शर्ट तोच बसतो, पण आतला माणूस बदललेला असतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. आणखी एक गोष्ट. स्नायूंत ढोबळमानानं दोन जातीचे तंतू असतात. एक हळू पण दमदार, दिवसभर पालखीबरोबर चालणारे. दुसरे जलद आणि जोरकस, कुस्तीच्या फडात उतरणारे. वय वाढतं तसे हे दुसऱ्या जातीचे तंतू आधी झिजतात. रमतगमत चालण्यात पहिल्यांचं काम पडतं, दुसरे घरी झोपून राहतात. पण खुर्चीतून झटकन उठायचं असेल, जिना चढायचा असेल, उंबरठ्याला पाय अडखळल्यावर डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात दुसरा पाय पुढे टाकून स्वतःला सावरायचं असेल, तेव्हा हाक जाते ती फडातल्या गड्यांना. माझे चालणारे तंतू ठीक होते. गादीवरून उठवणारे रजेवर गेले होते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टीपुढच्या लोकांसाठी जी शिफारस केली, तिच्यात चालण्यावर थांबलेलं नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, म्हणजे भरभर चालणं वगैरे. शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, आणि किमान ३ दिवस तोल आणि ताकद दोन्ही लागतील अशा हालचाली. आपण पहिलं वाक्य ऐकलं आणि बूट घालून बाहेर पडलो. पुढची दोन वाक्यं ऐकायची राहिली.

मध्यम श्रम म्हणजे किती, असं बरेच जण विचारतात. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. मी माझ्यापुरतं असं माप केलं आहे, की शेर साधा म्हणता आला पाहिजे, तरन्नुममध्ये म्हणता येऊ नये. येत असेल, तर चाल वाढवायची.

ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात क्लाउदिओ गिल अराउजो नावाचे डॉक्टर आहेत. त्यांनी बसण्या-उठण्याची एक साधी परीक्षा तयार केली. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५ गुण. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात रोवला, की प्रत्येक आधाराचा एक गुण कमी. तोल गेला तर अर्धा कमी. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांची ही परीक्षा घेऊन पुढे सरासरी सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ८ ते १० गुण होते त्यांच्या तुलनेत ३ पर्यंत गुण मिळवणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण पाच पटींहून अधिक निघालं.

हा आकडा ऐकून घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो. याचा अर्थ हात टेकला म्हणून आयुष्य कमी झालं असा नाही. आजारी माणसाला मुळातच कमी गुण मिळणार. हा आरसा आहे, कुंडली नव्हे. पण ताकद, तोल, सांध्यांची लवचिकता आणि वजन या चारही गोष्टी एकाच कृतीत दिसाव्यात असा स्वस्त आरसा दुसरा नाही. फक्त एक सांगतो, ही परीक्षा घरात एकट्यानं देऊ नका. शेजारी धडधाकट माणूस हवा.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा मशीद आठवली. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज रकाती १७ असतात. प्रत्येक रकातीत एकदा रुकू, दोनदा सजदा. हिशेब केला तर नुसत्या फर्ज नमाजांत माणूस किमान १७ वेळा जमिनीवरून पूर्ण उभा राहतो. सुन्नत धरल्या तर आकडा आणखी वाढतो. रमजानमध्ये तरावीहच्या रकाती वेगळ्याच. इबादतीला कसरत म्हणणं मला आवडत नाही, आणि नमाज पढतो म्हणून वेगळा व्यायाम नको, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पण सत्तरीचे बुजुर्ग सजद्यातून सहज उभे राहताना मी लहानपणी पाहिले आहेत, आणि त्यामागे त्यांची रोजची सवय होती हे आता कळतं. आज मशिदीच्या मागच्या रांगेत खुर्च्या वाढत चालल्या आहेत. आजाऱ्याला बसून नमाज पढायची सवलत आहेच, आणि ती हवीच. माझ्यासारखे काही जण मात्र गुडघ्याच्या पहिल्या कुरबुरीला खुर्चीवर बसले आणि मग तिथेच राहिले. कीर्तनाला, सत्यनारायणाला, लग्नाच्या पंगतीलाही हेच चित्र आहे. आपण सगळे मिळून जमीन सोडत चाललो आहोत.

आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणहून नाथांची पालखी दर आषाढीला पंढरपूरला निघते. पंधरवड्याहून जास्त दिवस ही माणसं चालतात, आणि त्यांत साठी-सत्तरीचे वारकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या किती असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. मला नेहमी नवल वाटतं ते त्यांच्या चालण्यापेक्षा मुक्कामाचं. जमिनीवर अंथरूण, जमिनीवर जेवण, पहाटे पुन्हा उभं. मध्येच फुगडी, पावली. चालणं, ताकद, तोल, तिन्ही गोष्टी झाल्या, आणि सोबतीला चार माणसं. आता ही माणसं वर्षभर शेतात राबलेली असतात हे विसरून, आपण एकदम उठून वारीला निघालो तर दुसऱ्या मुक्कामाला घरी फोन करावा लागेल.

इथे घरोघरच्या बायकांचं एक म्हणणं ऐकायला हवं. "दिवसभर घरात राबते की, मला आणखी कसला व्यायाम?" बरोबरच आहे एका अर्थी. बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी धावण्याची शर्यत जिंकली. नवऱ्याच्या औषधोपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. ते पाय शेतमजुरीनं घडवले होते. पण त्याच मजुरीनं कंबर मोडलेल्या, गुडघे गेलेल्या बायका गावोगाव आहेत. कष्टात एकच हालचाल तासन्‌तास होते, थकलं तरी थांबता येत नाही. व्यायामात आपण ठरवतो किती आणि कधी, आणि दमल्यावर विश्रांती मिळते. दोन्ही एक नव्हेत. आणि आजकालच्या शहरी घरकामात ओट्यापुढे उभं राहणंच जास्त, बसणं-उठणं कमीच.

आता जे सांगायचं आहे ते मला जरा जड जातं.

माझी अम्मी वयाच्या सत्तरीपर्यंत जमिनीवर बसायची. पानदान समोर, पाठीला भिंत. आम्ही भावंडं कमावती झालो तसं आम्हाला वाटलं, अम्मीनं आता आराम करावा. सोफा आणला. तिच्यासाठी वेगळी खुर्ची आणली. ती म्हणायची, "कुर्सी नक्को मेरेकू." आम्ही हट्ट धरला. "अम्मी, डॉक्टर म्हणतात खाली बसू नका." डॉक्टर काही म्हणाले नव्हते, आम्हीच म्हणत होतो. सूनबाई हातात पाण्याचा गिलास देऊ लागली, नातू चप्पल समोर ठेवू लागला. हळूहळू अम्मीनं उठणंच सोडलं. पाच-सहा वर्षांत तिच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. २०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री मोरीकडे जाताना ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून हळूहळू उभं करा, चालवा. पण भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "या वयात कशाला छळता, आराम करू द्या." तिला दुखायचं, ती नको म्हणायची, आणि मीही म्हणायचो, आज राहू दे. असे पुष्कळ 'आज' गेले. सात महिन्यांनी ती गेली. रोज उठबस केली असती तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण आम्ही प्रेमानं तिची जमीन काढून घेतली, एवढं मला कळतं.

नंतर एका अमेरिकन अभ्यासाविषयी वाचलं. २००७ साली प्रसिद्ध झालेला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या १२ निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. आजार नाही, ऑपरेशन नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ एक किलोनं घटले. तरुणाचं झिजलेलं लवकर भरून येतं, म्हाताऱ्या माणसाचं तितकं येत नाही. 'आराम करू द्या' या वाक्याची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती.

पण याच्या उलट बाजूचाही एक अभ्यास आहे, आणि तो मी भेटेल त्याला सांगतो. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी एका शुश्रूषागृहातल्या दहा वृद्धांना मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम दिला. वय किती, तर सरासरी नव्वद! पायाला वजन बांधून गुडघा सरळ करायचा, आठवड्यातून तीन दिवस. वजन हळूहळू वाढवत नेलं. आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे अडीच पटींच्या वर. दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीतल्या स्नायूलासुद्धा शिकवलेलं समजतं. आपल्याकडे साठीच्या माणसाला 'आता काय व्हायचंय' म्हणून मोडीत काढतात.

फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला कोणती मशिनं सांगितली नाहीत. ती म्हणाली, "काका, घरात खुर्ची आहे ना?" ज्या खुर्चीनं मला जमिनीपासून तोडलं होतं, तिच्यापासूनच सुरुवात.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, न हलणारी, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची नको, तिचे पाय फाकतात आणि ती सरकते. पुढच्या कडेला बसायचं. पावलं जमिनीवर पक्की, दोन्ही पावलांत वीतभर अंतर. छातीवर हातांची घडी. जरा पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांवर येईल, आणि उभं राहायचं. उभं राहणं सोपं, खरं काम बसण्यात आहे. धपकन बसायचं नाही. मनात तीन आकडे मोजत, मांड्यांनी स्वतःला धरून, हळूहळू खाली यायचं. हातांशिवाय जमत नसेल तर सुरुवातीला हाताच्या आधारानं करा, काही बिघडत नाही. पाच वेळा, मग थोडं थांबून आणखी पाच वेळा. जमायला लागलं की वाढवायचं.

यातून आपण कुठे आहोत हेही कळतं. हाताची घडी तशीच ठेवून ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ वेळा यावं. सत्तरी ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२, बाईला १०. याहून कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त, असं समजायचं. साठीच्या पुरुषाला १४ हवेत, आणि पंचावन्नाव्या वर्षी माझे ८ झाले होते.

मग महिन्या-दीड महिन्यानं खुर्चीऐवजी बुटकं स्टूल. स्टुलानंतर एकावर एक ठेवलेले दोन-तीन पाट. माळ्यावर पडलेले पाट मी त्यासाठी खाली काढले. आणि मग जमीन, शेजारी पलंगाची कड धरायला. जमिनीवरून उठण्याचीही एक रीत आहे. सरळ वर यायला जायचं नाही. कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघे टेकून रांगत्या बाळासारखं व्हायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, हात पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवायचा आणि उभं राहायचं. ही रीत घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाला सुखाच्या दिवसांत शिकवून ठेवा. दुर्दैवानं कधी एकटं असताना पडणं झालं आणि इजा नसली, तर ती उपयोगी पडते. कित्येक माणसं मार लागला नसतानाही केवळ उठता येत नाही म्हणून तासन्‌तास फरशीवर पडून राहतात.

खुर्चीवरून आठवण झाली ती पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांची. कर्नाटकातल्या बेल्लूरचा, लहानपणी आजारांनी पोखरलेला हा मुलगा १९३७ साली पुण्यात आला आणि तिथलाच झाला. योगासनात खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, लोड वापरण्याची त्यांनी जी पद्धत रुजवली, तिची सुरुवातीला थट्टाही झाली. पण तिच्यामुळेच ज्याचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही अशा माणसालाही आसन करता आलं. १९५८ च्या सुमाराला बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना, ऐंशी उलटलेल्या असताना, त्यांनी शीर्षासन शिकवलं. ते तुम्ही-आम्ही करायचं नाही! १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातांत त्यांना स्वतःला मणक्याला आणि खांद्याला इजा झाली, तेव्हा साठीत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सराव मांडला आणि नव्वदीतही तो चालू ठेवला. २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. आधार घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आधार घेऊन हालचाल करायची की आधारावर पडून राहायचं, एवढाच प्रश्न.

तोलाचं थोडक्यात सांगतो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपायांकडून येणारी खबर, या तिघांच्या जोरावर आपण उभे असतो. वयानुसार तिघंही मंदावतात. मधुमेहात तळपायांची खबर तर लवकरच तुटते. त्यासाठी ओट्याला धरून टाचा उचला, सावकाश खाली आणा. ओट्यालाच बोटं टेकवून एका पायावर दहा आकड्यांपर्यंत उभं राहा, मग दुसऱ्या. फरशीच्या रेघेवर एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून चाला, भिंत हाताशी ठेवून. चहाला उकळी येईपर्यंत हे होऊन जातं.

"माझे गुडघे झिजले आहेत, मला व्यायाम चालणार नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. मीही हेच म्हणत होतो. गुडघ्याच्या सांध्याचा भार वाटून घेतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो दुबळा झाला की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. दुखतं म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून स्नायू दुबळा, आणि दुबळा म्हणून जास्त दुखतं. हे चक्र बेतानं केलेल्या व्यायामानंच तुटतं. थोडं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं किंवा सूज आली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून कमी करायचं. साखरेचंही तसंच. आपल्या रक्तातल्या साखरेचं मोठं गोदाम म्हणजे स्नायू, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. गोदाम लहान झालं तर माल रस्त्यावर राहणार.

सावधगिरीही हवी. चालताना किंवा उठबस करताना छातीत दाब आला, दम लागून थांबेना, अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयाचा त्रास आहे, नुकतंच ऑपरेशन झालं आहे, हाडं ठिसूळ आहेत, त्यांनी आधी विचारूनच सुरुवात करावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी झोपेतून एकदम उभं राहू नये, मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं. जेवणात डाळ, दूध, अंडी, ज्याला जे चालतं ते असू द्या. उपाशी स्नायू वाढत नाही. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात ठेवा, आठनंतरच्या उन्हात शौर्य गाजवायला जाऊ नका.

या छत्रपती संभाजीनगरात चालायला जागा कमी नाहीत. सिद्धार्थ उद्यान आहे, हिमायतबागेची झाडी आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. तरुण आणि हौशी ज्येष्ठ गोगाबाबाच्या टेकडीवर चढतात. सकाळी साडेपाच-सहाला पाहा, बुरख्याखाली पांढरे बूट घातलेल्या चार जणी एका बाजूनं, साडीवर स्वेटर आणि कानाला स्कार्फ बांधलेल्या चार जणी दुसऱ्या बाजूनं. आधी नुसतं हसणं, मग थांबून बोलणं, मग एकमेकींच्या सुनांची चौकशी. आमच्या गटात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्र्याहत्तर वर्षांचे. पत्नी गेल्यावर दोन महिने घराबाहेर पडले नव्हते. गटातल्या दोघांनी रोज सकाळी त्यांच्या दारावर थाप मारायला सुरुवात केली. पहिले काही दिवस ते आतूनच "आज नको" म्हणायचे. आता तेच सगळ्यांच्या आधी फाटकाशी येऊन उभे असतात आणि उशिरा येणाऱ्याला शाळेसारखं झापतात. झोप लागायला लागली, असं ते स्वतः सांगतात. यात चालण्याचा वाटा किती आणि झापण्याचा किती, ते मी ठरवत बसत नाही.

गटाला आता मी एक खोड लावली आहे. फिरून झालं की बागेतल्या बाकावर दहा उठबशा. गुरुजी मोजतात. शाळेत पोरांना शिक्षा म्हणून द्यायचे, आता स्वतः काढतात.

माझं म्हणाल तर ३० सेकंदांत ८ चे १५ झाले आहेत. मशिदीत फजर आणि मगरीब मी आता चटईवर पढतो. इशाला, दिवसभराचा थकवा असला तर, अजून खुर्ची घेतो. जमिनीवरून उठताना उजवा हात टेकवावा लागतो, तो काही अजून सुटलेला नाही. ती मुलगी म्हणते, सुटेल. मागच्या आठवड्यात तिनं पाट काढून घ्यायला सांगितले.